लायसन्स आणि लग्नपत्रिका

माझ्या कॉम्प्युटरनं मला ओळख द्यायला नकार दिला तो सोमवार होता, आणि सोमवारी माझा उपास असतो. उपाशी बाईच्या वाटेला जाऊ नये हे माझ्या नवऱ्याला कळतं, कशेळ्याच्या नाक्यावरच्या जीपवाल्यांना कळतं. कॉम्प्युटरला कोण सांगणार?

नाक्यापासून चार पावलांवर माझं टायपिंगचं दुकान आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक लंगडी. आजूबाजूच्या गावांतून आणि वाड्यांतून माणसं येतात. वर्षभर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं, तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका. पत्रिकेचं काम मला मनापासून आवडतं. त्यात अख्खी भावकी असते, भावकीचे रुसवेफुगवे असतात, आणि कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून माझ्या दुकानात जेवढी भांडणं झाली तेवढी तहसील कचेरीत झाली नसतील.

हे सगळं मी करते ते मराठी टायपिंगच्या एका जुन्या प्रोग्रॅमवर. हल्ली मोबाइलवर शेंबडं पोरसुद्धा मराठी लिहितं, कबूल. पण पत्रिकेतली ती जाड वळणदार अक्षरं, तो कलश, त्या वेली, ते सगळं या प्रोग्रॅममध्येच आहे. त्यातली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसते कंस आणि टिंबं दिसतात. त्यामुळे माझं दुकान म्हणजे तो प्रोग्रॅम, आणि तो प्रोग्रॅम म्हणजे त्याचं लायसन्स. ते मी रीतसर विकत घेतलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते. लोक लगेच संशय घेतात.

आदल्या आठवड्यात वीज वर-खाली झाली आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून धूर आला. दहिवलीच्या रिपेअरवाल्यानं मदरबोर्ड बदलून दिला. सोमवारी सकाळी मी मशीन दुकानात आणलं, हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, त्याचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं आणि नमस्कार करून प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. तिचा मथितार्थ असा, की हा कॉम्प्युटर आमच्या ओळखीचा नाही, लायसन्स पुन्हा चालू करून घ्या, तोपर्यंत प्रोग्रॅम नमुना म्हणून वापरा.

ओळखीचा नाही? अरे मेल्या, तुझ्यासमोर बसून माझी मान गेली, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, आणि तू मला ओळखत नाहीस? मी हे मोठ्यानं बोलले. तेव्हा दारातून आवाज आला, "ताई, येऊ का? का मागनं येऊ?"

दारात वहिनी उभ्या होत्या. माझ्या कुणी लागत नाहीत. पण पत्रिकेसाठी महिनाभर दुकानात खेपा घालणाऱ्या बाईला नुसतं 'अहो बाई' कसं म्हणायचं? त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मुलगा कुंभिवलीचा, तिथल्याच कारखान्यात कामाला. वहिनींचा नवरा मुलगी पाच वर्षांची असताना गेला. तेव्हापासून भाताची खाचरं बाईंनी एकटीनं लावली, आठवडाभर एका फार्महाउसवर झाडलोट केली, शनिवार-रविवारी डोंगर चढायला येणाऱ्या मुंबईकरांना भाकऱ्या भाजून घातल्या, आणि मुलीला शिकवून कर्जतच्या दवाखान्यात नर्स केलं.

मजकूर सांगायला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी एकच गोष्ट ठणकावून सांगितली होती. "निमंत्रक म्हनून पयलं नाव माझं."

माझे हात कळफलकावर थांबले होते. आमच्याकडे पत्रिकेत निमंत्रक म्हणून सगळ्यात वर येतो तो भावकीतला थोरला पुरुष. नवरा नसलेल्या बाईचं नाव 'यांची कन्या' या ओळीत आलं तरी पुष्कळ झालं असं मानतात. मी विचारलं, "वहिनी, दिरांना विचारलंय का?"

"पोरगी माझी, वाढवली मी, मंग बोलवनार कोन? मीच ना?"

मला इतकं बरं वाटलं की मी वेलींचे पैसे लावले नाहीत. पहिलं नाव त्यांचं, दुसरं थोरल्या दिरांचं, खाली सगळी भावकी. फाइल तयार झाली आणि नंतर तो धूर निघाला.

आता वहिनी आत आल्या त्या घाईत. घाम पुसत म्हणाल्या, "ताई, आज छापायला जाईल ना? पोरीनं घोळ घातला. रातच्याला कौतुकानं काकाला सांगून बसली, की आईचं नाव वर हाय म्हनून. भावोजी सकाळपासनं गप हायत. बँकेत आलेत, बारा वाजता हितं येनार हायत नाव बदलायला."

"मग सांगा ना त्यांना, की बदलायचं नाही."

वहिनींनी पदर ओढून घेतला. "त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाय वो. वाईट नायत ते. हे गेले तवापासनं दर वर्साला त्यांचा टिलर पयला माझ्या खाचरात फिरतो, मंग त्यांच्या. कोन करतं इतकं? आता त्या मानसाला 'तुमी खाली, मी वर' असं कुठल्या तोंडानं सांगू? तुमी ते आधीच छापायला धाडा. एकदा छापलं की छापलं."

तिकडे कर्जतच्या छापखान्यानंही बजावलं होतं, की आज दोनच्या आत फाइल आली तर ठीक, उद्यापासून मशीन ग्रामपंचायत निवडणुकीच्या कागदांना लागणार. निवडणूक आली की लग्नाला कोण विचारतो? म्हणजे दोनच्या आत फाइल पाठवायची होती, आणि त्याहीआधी, दीर दारात यायच्या आत. अन् माझा प्रोग्रॅम मला ओळखत नव्हता.

मी वहिनींना धीर देण्यासाठी नमुना म्हणून एक पान छापून दाखवलं. पत्रिका सुंदर आली. फक्त एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, नवरीच्या नावावरून सुरू होऊन नवऱ्याच्या नावावरून जाणारं, हातभर मोठं राखाडी 'नमुना' उमटलं.

वहिनींनी ते पान लांब धरून बघितलं. "ह्ये कशाला घातलं? जावई नमुना हाय ह्ये मला बी म्हाईत हाय, पन छापायचं कशाला?"

मग मी कंबर कसली. चालू करण्याचं बटण दाबलं, काहीतरी चुकलंय असं सांगणारा नुसताच एक आकडा आला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा तोच आकडा. प्रोग्रॅम काढून परत टाकला. त्यासाठी मूळ डबीवरचा लायसन्स नंबर लागतो. डबी होती, जपून ठेवलेली होती, इतकी जपून की दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर मी तिचीही पूजा करते. महागाची वस्तू आहे, का करू नये? पण दर दसऱ्याचं कुंकू बरोबर नंबरावर पडलेलं. तिसरं अक्षर आठ आहे की बी, ते देवालाच ठाऊक. वहिनींनी पदराचं टोक ओलं करून कुंकू पुसलं. अगदी हलक्या हातानं, मनातल्या मनात माफी मागत. बी निघाला. नंबर लागला, आणि परत तीच पाटी: ओळखीचा नाही.

शेवटी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. आधी फोनमध्ये पेटीचे सूर वाजले, मग आपला कॉल किती महत्त्वाचा आहे ते एका बाईनं सातआठ वेळा सांगितलं, आणि मग एक मुलगी आली. गोड आवाज, आणि बोलणं पाठ केल्यासारखं. "नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू शकते?"

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, कारण मला बोलताना हात लागतात. तिनं पद्धत सांगितली. माझ्या पडद्यावरचा लांबलचक कोड मी तिला वाचून दाखवायचा, ती त्यावरून उलटा कोड देणार, तो मी पंधरा मिनिटांच्या आत टाकायचा. पाच प्रयत्न मिळतात. पाचही चुकले की लायसन्स चोवीस तास बंद.

"इंग्रजी अक्षरं नीट सांगा, मॅडम."

आता नीट म्हणजे काय? माणसाला जे पाठ असतं त्यावरूनच सांगणार ना! "के, कर्जतचा के. सात. एन, नेरळचा एन. व्ही, वांगणीचा व्ही. चार. डी, डोलवलीचा डी."

"सॉरी मॅडम, कुठला डी?"

"डोलवली! खोपोलीच्या गाडीला लागतं ते!"

"मॅडम, मी नागपूरला आहे."

"मग शिका! पुढे घ्या. एक्स."

"एक्स कशाचा, मॅडम?"

एक्सला आमच्या अख्ख्या लायनीत स्टेशन नाही. मी म्हटलं, "मास्तर चूक दाखवायला मारतात ना, ती फुली!" हे तिला पटकन कळलं. सगळीकडचे मास्तर सारखेच.

उलटा कोड आला. मी चष्मा शोधला, तो डोक्यावर होता. एकेक अक्षर बघून टाकलं, बटण दाबलं. पाटी आली: कोडची मुदत संपली. मी मनात म्हटलं, आपणच रेंगाळलो. माणसानं आपली चूक कबूल करावी.

दुसऱ्या वेळी वहिनींना कामाला लावलं. त्या कागदावर कोड लिहून घेऊन वाचणार, मी टाकणार. इंग्रजी अक्षरं त्यांना येतात. लेकीच्या अभ्यासाला बसून शिकल्या होत्या. तरी मुदत संपली.

तिसऱ्या वेळी आम्ही आणखी जोर लावला. वहिनी दम न घेता वाचत होत्या, मी धडाधड टाकत होते, आणि बाहेरचा एक जीपवाला पान लावायचं थांबवून दारातून बघत होता. मुदत संपली. मी त्या जीपवाल्यावर ओरडले. तो बिचारा काही न बोलता निघून गेला. दोष कुणाचा तरी असायलाच हवा होता.

दर वेळी नवा कोड तयार व्हायला दोन-तीन मिनिटं लागायची. लाइन चालूच असायची, आणि वहिनी तेवढ्यात घड्याळ बघून हवालदिल व्हायच्या. "ताई, भावोजी येतील आता." मग मी त्यांना चार शब्द सुनवायची, की घाबरता कशाला, सतरा वर्षं एकटीनं ओढलंत, एक नाव लिहायला कुणाची परवानगी लागते? मग त्या टिलरचं परत सांगायच्या. मग रडायच्या थोड्या. टेबलावरच्या फोनमधून नागपूर सगळं ऐकत होतं, हे आमच्या ध्यानातच नव्हतं.

चौथ्या वेळी कोड आला आणि मी तो पुरत्या दीड मिनिटात टाकला. बोटं दुखली. मुदत संपली.

मग मात्र माझा तोल गेला. "अगं ए बाई! पंधरा मिनिटं म्हणतेस, आणि दीड मिनिटात तुझा कोड शिळा होतो? भातसुद्धा इतक्या लवकर शिळा होत नाही! हिचं लग्न आहे लेकीचं, हिचं नाव अडकलंय आत, आणि तुमची कंपनी आम्हाला खेळवतेय? तुझ्या साहेबाला दे फोन! आत्ताच्या आत्ता दे!"

मग ती मुलगी हळूच, पाठ केलेलं सोडून बोलली. "मॅडम, रागावू नका. एक विचारू? तुमच्या कॉम्प्युटरवर आत्ता किती वाजलेत?"

"बारा वाजून दहा."

"इथे पावणेबारा झालेत, मॅडम."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आमचं पुढे असतं."

"पुढे म्हणजे?"

"पुढे म्हणजे पुढे. पंचवीस मिनिटं. मुद्दाम लावलेलं."

"मुद्दाम?" ती म्हणाली. तिच्या आवाजात इतका भाबडा अचंबा होता की मला माझीच शरम वाटायला लागली.

आता हे नागपूरच्या मुलीला कसं समजावणार? आमच्याकडे घड्याळ हे वेळ बघायला नसतंच, ते माणसाला हाकायला असतं. खरी वेळ लावली तर मी कधी दुकान बंद करून कर्जतची जीप पकडायची नाही. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे, दुकानातलं पंचवीस, आणि नवऱ्याच्या पहिल्या पाळीसाठी उशाचं पाऊण तास. सगळ्या कशेळ्याला माहीत आहे की माझ्या घड्याळात बघायचं आणि वजा करायचं. कॉम्प्युटर आपली वेळ आपण लावायला बघतो, म्हणून ती सोयच मी पहिल्या दिवसापासून बंद करून टाकते. मला शहाणपण शिकवतोय! तर ती वजाबाकी आम्ही सगळे मनातल्या मनात करत होतो आणि कॉम्प्युटरला ती कुणी शिकवलेली नव्हती. पावणेबाराला निघालेला बारापर्यंतचा कोड त्याच्या हातात पडायचा तो त्याच्या मते बारा वाजून दहा मिनिटांनी. जन्मतःच शिळा. काखेत कळसा आणि मी चार वेळा गावाला वळसा घातला होता.

"आमच्या घरी पन पुढं हाय," वहिनी फोनकडे वाकून माझी बाजू घेत म्हणाल्या. "धाच मिन्टं. जास्ती नाय."

मुलगी हसली. पहिल्यांदाच. मी घड्याळ खऱ्या वेळेला आणलं. भिंतीवरचं नाही, फक्त कॉम्प्युटरचं. इतकीही मी वाकणार नाही. पाचवा आणि शेवटचा कोड आला. वहिनींनी एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचलं. मी बटण दाबलं आणि डोळे मिटले.

"ताई, हिरवं आलं," वहिनी म्हणाल्या.

आलं होतं! पाटी गेली, नमुना गेला, पत्रिका लख्ख उभी. मी वहिनींना मिठी मारली, त्यांनी मला मारली, लंगडी खुर्ची पडली, आणि त्या आवाजात कळलंच नाही की दारात चपला काढून कुणी आत आलंय.

थोरले दीर. डोक्यावर टोपी, बगलेत बँकेच्या पासबुकाची पिशवी. बारा म्हणजे बाराला हजर. हा एक माणूस तालुक्यात खऱ्या वेळेवर चालत होता, आणि तो नेमका आज.

वहिनींनी पदर सावरला आणि भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या. ते चांगल्या खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. आवाज न चढवता बोलले. "ताई, पत्रिकेत जरा बदल हाय. आमच्या भावकीत बाईचं नाव वर कदी छापलेलं नाय. लोक हसतील. माझं वर घाला, तिचं खाली घाला. खाली राहू दे, मी नको म्हनत नाय."

वहिनी पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, जमणार नाही हो. लायसन्स अडकलंय."

"म्हंजी?"

"म्हणजे सकाळपासून कॉम्प्युटर मला ओळखतच नाही. आत जे आहे तेवढं छापायला सोडतो, पण अक्षर बदलू देत नाही. कानासुद्धा नाही." इतकं सलग खोटं मी कधी बोलले नव्हते. सकाळपासून ज्या लायसन्सला शिव्या घालत होते त्याच्याच पदराआड जाऊन लपले. "विश्वास नसेल तर कंपनीची मॅडम फोनवर आहे, तिलाच विचारा."

हे म्हटलं आणि मगच माझ्या ध्यानात आलं. फोन खरंच चालू होता. ती मुलगी आता सांगणार, की सर, सगळं चालू झालंय! काका टेबलावर वाकले. "काय वो बाई, पत्रिकेतलं नाव बदलता येनार नाय का?"

फोनमधून आला तो तिचा पाठ केलेला, गोड, थंड आवाज. "नमस्कार सर. नियमानुसार या पत्रिकेत आता कोणताही बदल शक्य नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

त्या पोरीचा मी मनातल्या मनात मुका घेतला.

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "नियमच हाय म्हटल्यावर काय करनार? सरकारी हाय का?"

"सरकारीपेक्षा कडक," मी म्हटलं.

ते उठले. खरं सांगायचं तर त्यांनाही जरा सुटल्यासारखं झालेलं दिसलं. "बरं. भावकीला सांगतो मी, कॉम्प्युटर अडला म्हनून नाव तसं आलं. आपला विलाज नाय."

जिंकलो! मी वहिनींना डोळा मारला. पण वहिनी हसत नव्हत्या. त्या भिंत सोडून पुढे आल्या आणि दिरांच्या तोंडाकडे बघून बोलल्या.

"भावोजी, कॉम्प्युटर चालू हाय. ताई खोटं बोलतायत. ती फोनवाली पन."

फोनमधून 'टुक' आवाज आला. नागपूरनं लाइन कापली. मला मात्र कुठे पळायला जागा नव्हती. मी टेबलावरची पिनांची डबी उघडून पिना मोजायला लागले.

"तुमी गावात सांगनार कॉम्प्युटर अडला म्हनून," वहिनी म्हणाल्या. त्या आता थांबत नव्हत्या. "मंग ते नाव कॉम्प्युटरनं घातलं असं झालं. मी घातलंय ते. तुमचा टिलर मी विसरले नाय, मरेपर्यंत विसरनार नाय. तुमचं नाव माझ्या खाली लगेच हाय. पन माझ्या पोरीच्या लग्नाला लोकान्ला बोलवनार मी. तुमाला नको असंल तर तुमी मला तोंडावर नको म्हना."

त्या एवढं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही वाटलं नसावं. कारण बोलून झाल्यावर त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

बाहेर जीपवाला मुरबाड, मुरबाड ओरडत होता. काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली, खिशातून चष्मा काढला, बनियनला पुसला आणि मला म्हणाले, "दाव."

मी पत्रिका दाखवली. त्यांनी बोट फिरवत वाचली, गणपतीपासून शेवटच्या चुलत भावापर्यंत. परत वर गेले. वहिनींच्या नावावर बोट थांबलं. मी पिना मोजायचं थांबवलं.

"ह्ये काय?" ते गरजले.

"काय, काका?"

"इतकं बारीक? बाईचं नाव वर घालायचं तर दिसंल असं घाला की! बारीक घातलं तर लोक म्हनतील दिरानं दाबलं. मोटं करा."

मी मोठं केलं.

"आजून."

आणखी केलं. काका डोकं मागे नेऊन, डोळे बारीक करून बघत होते, लांबच्या पाहुण्याला दिसेल का याचा अंदाज घेत. माझे डोळे भरून आले होते आणि मला कळफलक नीट दिसत नव्हता.

"आजून वाडवा. जाड करा."

"काका, नवरीच्या नावापेक्षा मोठं झालंय! आता गणपतीला धक्का लागेल."

"गनपती घ्या वर सरकवून."

वहिनी तोवर टेबलाची कड सोडून आमच्या दोघांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. पडद्यावर त्यांचं नाव इकडून तिकडे पसरलं होतं. त्या हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे. पदर तोंडावर धरून त्यांनी दिरांच्या खांद्याला हात लावला, आयुष्यात पहिल्यांदाच असावा, आणि म्हणाल्या,

"पुरे वो, भावोजी. लगीन पोरीचं हाय, माझं नाय."